नथ्थुजींची दहा हात काठी

नथ्थुजी नाकेदार गावातून चालायचे ते काठी आडवी धरून. जगात काठी उभी टेकतात, फार तर खांद्यावर टाकतात. नथ्थुजींची काठी म्हणजे दहा हात लांबीचा भरीव बांबू. तो छातीशी आडवा धरून ते गल्लीच्या बरोबर मधून चालत आणि बांबूचं एखादं टोक कोणाच्या भिंतीला, कुंपणाला, छपरीला किंवा म्हशीला लागलं की थांबत. म्हैस असेल तर ती हलेपर्यंत थांबत. भिंत असेल तर मालकाला हाक मारत.

"सरका," ते म्हणत.

"मी कायले सरकू? मी त घरात हाओ."

"तुमी नाई. घर सरकवा."

हे विनोदानं म्हटलेलं नसे. नथ्थुजींना विनोद कळत नव्हता, करता तर अजिबात येत नव्हता. त्यामुळे गावाची जेवढी करमणूक त्यांनी केली तेवढी भागवतकारालाही जमली नाही.

आमचं गाव मंगरुळपीरपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. पश्चिमेला सरकारी रमणा. रमणा म्हणजे चराईसाठी राखलेलं गवताचं रान. पावसाळ्यात तिथं माणूस उभा राहिला तर दिसत नाही, आणि माघ संपता संपता तेच गवत वाळून असं होतं की चिलमीची ठिणगी उडाली तर कोसभर धावत जाते. रमण्यातून एकच रस्ता गावात शिरतो, मधून जातो आणि पूर्वेला मारुतीच्या पारापाशी, मोठ्या विहिरीजवळ संपतो. ह्या रस्त्याला आम्ही पांदण म्हणायचो. कागदोपत्री तो रस्ता होता. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंच्या लोकांनी आपापलं अंगण, गोठा, बाभळीच्या काट्यांचं कुंपण आणि कडब्याच्या गंज्या थोड्या थोड्या पुढे आणून त्याला गटारासारखा करून ठेवला होता. कोणी रस्ता बळकावला असं म्हणणं अन्याय होईल. रस्ता आपण होऊन मागे हटला होता, इतकंच.

नथ्थुजींनी सगळी नोकरी जंगलखात्यात नाकेदार म्हणून काढली. पेन्शनीत निघाल्यावर ते गावी परतले आणि पांदणीच्या पार पश्चिम टोकाला, रमण्याला लागून, गवतानं शाकारलेल्या घरात राहू लागले. घरात माणूस एकच. आल्या आल्या त्यांनी गावाला पहिला प्रश्न विचारला तो हा: "वनवा आला त पानी कुठून नेसान?"

"विहिरीतून," दाजी पाटील म्हणाले. पाटलांचा आवाज असा होता की साधं उत्तरही हुकूम वाटावा.

"कायनं?"

"गाडीनं. पिपं टाकून."

"भरली गाडी जाईन तवा रिकामी गाडी इकून येईन. दोघी एकमेकीले रामराम करून गेल्या पाह्यजे. तुमच्या पांदनीतून एक गाडी जाते, तेही बैलानं पोट आत ओढलं त."

आणि मग ते वाक्य आलं, जे पुढे गावातल्या लेकुरवाळ्या बायासुद्धा अंगाईसारखं म्हणू लागल्या: "दहा हात लागते. दहा हात म्हंजे दहा हात."

त्यांच्या मते आगीशी लढायची युक्ती साधी होती. गाव आणि रमणा यांच्यामध्ये वीस हात रुंद पट्टा नांगरून उघडा ठेवायचा, त्याला ते जाळपट्टा म्हणत. कडब्याच्या गंज्या घरापासून दूर न्यायच्या. आणि पांदण दहा हात मोकळी करायची. जंगलात त्यांनी जन्मभर हेच केलं होतं. फरक एवढाच की जंगलात साग हरकत घेत नाही.

मी त्या वेळी गावच्या शाळेत मास्तर होतो आणि ग्रामपंचायतीचा चिटणीसही. दुसरं पद मला अक्षर चांगलं म्हणून मिळालं होतं. नथ्थुजींनी एका संध्याकाळी काठी माझ्या ओट्याला टेकवली, स्वतः ओट्यावर बसले आणि म्हणाले, "मास्तर, नोटिसा लिहा."

त्या संध्याकाळपासून ते रोज येत. आमच्या घराचा ओटा वडिलांनी बांधलेला, काळ्या दगडाचा, चांगला प्रशस्त. मी वर्तमानपत्र वाचून दाखवी, ते ऐकत. वर्तमानपत्र तीन दिवस शिळं असे. युरोपात कोण कोणावर गुरगुरतो याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. "कुठी आग लागली काय ते वाचा," ते म्हणत. लागलेली असली तर गावाचं नाव, गल्लीची रुंदी विचारत. वर्तमानपत्रात गल्लीची रुंदी दिलेली नसे. "मंग छापते कायले?" असं म्हणून ते गुळाचा चहा बशीत ओतत.

आमची सौभाग्यवती त्यांना भाऊजी म्हणे. हा मान गावात त्यांना आणखी कुठं नव्हता. बाकी घरी ते दिसले की दार लागे, कारण ते आत येऊन आधी रांजणात बोट बुडवून पाणी किती आहे ते पाहत आणि मगच बसायला जागा शोधत. पाणी अर्ध्याच्या खाली असलं तर बसतही नसत.

पहिली लढाई फुलचंद शेठशी झाली. शेठचं किराणा दुकान पांदणीत मध्यावर. दुकानापुढे टिनाची छपरी, छपरीखाली गुळाच्या भेल्या, मिठाची पोती आणि स्वतः शेठ. काठीचं टोक छपरीच्या खांबाला लागलं.

"शेठ, दीड हात."

"अरे नथ्थूभाऊ, छपरी आजोबांच्या वेळची. तुमच्या जंगलात झाडं मोजा ना बाप्पा, दुकानं कायले मोजून राह्यले?"

"झाड पळत नाई आग पाहून. तुमी पळसान. पळाले जागा पाह्यजे."

"मी नाही पळणार. मी दुकान सोडून कधी गेलोय?"

"मंग तुमाले उचलून न्या लागन. तवा त बाराच हात लागते."

शेठचं शरीर संपन्न होतं. गिऱ्हाइकं हसली. शेठ चिडले आणि आत गेले. नथ्थुजींनी काही केलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी येऊन दुकानापुढे रस्त्यात बसू लागले, काठी मांडीवर आडवी. दुकानात यायचं तर काठी ओलांडावी लागे आणि लुगडं नेसलेली बाई वडीलधाऱ्या माणसाची काठी ओलांडत नाही. पाचव्या दिवशी छपरी निघाली. शेठनं मला नंतर विचारलं, "मास्तर, ह्याला कायद्यात काय म्हणतात?" मी म्हटलं, सत्याग्रह म्हणतात, पण तो सरकारविरुद्ध करायचा असतो. शेठ म्हणाले, "मग माझ्याविरुद्ध काहून केला?"

गावात काही चाललंय म्हटल्यावर दाजी पाटलांना कमिटी काढणं भाग होतं. वणवा निवारण आणि मार्ग सुधारणा कमिटी. अध्यक्ष पाटील, उपाध्यक्ष पाटलांचे मेहुणे, चिटणीस मी. नथ्थुजी कमिटीत नव्हते, कारण त्यांना घेतलं असतं तर काम करावं लागलं असतं. कमिटीच्या पहिल्या बैठकीत हुरडा खाण्यात आला. दुसऱ्या बैठकीत जाळपट्ट्याचं उद्घाटन तहसीलदार साहेबांच्या हस्ते करायचं ठरलं. जमीन नांगरण्याचं उद्घाटन होतं हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं, पण चिटणिसानं आश्चर्य करायचं नसतं, नोंद करायची असते.

उद्घाटनाच्या दिवशी पांदणीच्या पश्चिम तोंडाशी मांडव घातला. आंब्याचे डहाळे, पताका, नांगराला हार, बैलांच्या शिंगांना बेगड. साहेब आले, खुर्चीत बसले. पाटील भाषणाला उभे राहिले. "आज ह्या मार्गावरून आपल्या गावाची प्रगती..." एवढं ते म्हणाले आणि गर्दीत हालचाल झाली. नथ्थुजी काठी आडवी धरून पांदणीतून येत होते. रोजची त्यांची फेरी. लोक दोन्ही बाजूंना सरकले. नथ्थुजी मांडवापाशी आले, काठी मांडवाच्या खांबाला लागली. ते थांबले.

"मांडव रस्त्यात हाये," ते म्हणाले.

"नाकेदार, बाजूले व्हा," पाटील दातांतून बोलले. "साहेब हाये."

"साहेबही रस्त्यात हाये."

तहसीलदार माणूस बरा होता, किंवा कंटाळलेला होता. त्यानं विचारलं, "किती पाहिजे?"

"दहा हात, साहेब. दहा हात म्हंजे दहा हात."

साहेब उठले आणि त्यांनी स्वतः खुर्ची मागे ओढली. मग मांडवाचे दोन खांब उपटून मागे रोवावे लागले, पताका पाटलांच्या फेट्यात अडकली आणि प्रगती तिथंच राहिली. मी इतिवृत्तात लिहिलं: "कार्यक्रम किंचित विलंबाने व किंचित मागे सरकून पार पडला."

पाटलांनी हे कधी विसरायचं नाही असं ठरवलं आणि त्यांची स्मरणशक्ती उत्तम होती.

पण तहसीलदारानं खुर्ची ओढलेली सगळ्यांनी पाहिली होती. साहेब सरकतो तर आपलं कुंपण काय मोठं? त्या हिवाळ्यात जाळपट्टा नांगरला गेला. गंज्या वावरात गेल्या. कुंपणं मागे गेली, गोठ्यांच्या भिंती पाडून मागे बांधल्या गेल्या. प्रत्येकाला नोटीस मी लिहिली. "आपले बांधकाम सार्वजनिक मार्गावर आल्याचे आढळून आले असून" अशी सुरुवात करून मी अशी भाषा वापरली की निरक्षर माणसानंही ती ऐकून घाबरावं. माझ्या नोटिसांचं नथ्थुजींना फार कौतुक. "मास्तर, तुमचा कागद मोठा भारी. कुऱ्हाडीवानी," ते म्हणत.

संक्रांतीपर्यंत पांदणीत काठी फक्त एका ठिकाणी अडत होती. माझ्या ओट्यापाशी.

एक हात. नेमका एक हात माझा ओटा पुढे होता. मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पंचायतीचा चिटणीस म्हणून मी मलाही नोटीस लिहिली. "आपला ओटा सार्वजनिक मार्गावर आल्याचे आढळून आले असून." मग घरमालक म्हणून मी तिला उत्तर लिहिलं, की प्रकरण विचाराधीन आहे. दोन्ही कागद एकाच फायलीत, एकाच अक्षरात आहेत. मी त्यावर मनात पुष्कळ हसलो होतो. आता वाचले तर हसू येत नाही.

नथ्थुजी काठी घेऊन यायचे, ती ओट्याच्या दगडाला ठक् करून लागायची. मला ते "सरका" म्हणायचे नाहीत. फक्त माझ्याकडे पाहायचे.

"दिवाळी होऊ द्या," मी म्हटलं होतं. मग म्हटलं, संक्रांत होऊ द्या. संक्रांत झाल्यावर म्हटलं, "नथ्थुजी, वडलांनी बांधला हो. एक एक दगड त्यांनी पाहून घेतला."

"हो ना," ते म्हणाले आणि काठी टेकवून त्याच दगडावर बसले. "दगड मोठा गार हाये." मग म्हणाले, "मास्तर, गवत वाळून राह्यलं."

मला ओटा प्रिय होता हे खरं. त्यावर बसलेला मास्तर जाणाऱ्या येणाऱ्याला दिसतो, लोक रामराम करतात. मी पाटलांच्या मांडवाला हसत होतो, पण माझाही एक मांडव होता, दगडाचा. हे मला तेव्हा दिसलं नाही, कारण मी त्याच्यावर बसलेलो होतो.

गावात कुजबुज सुरू झाली. फुलचंद शेठ येता जाता विचारू लागले, "मास्तर, माझी छपरी गेली. तुमचा ओटा कवा?" पाटलांनी कमिटीत जाहीर केलं की होळीच्या आदल्या दिवशी सकाळी नाकेदार शेवटची पाहणी करतील आणि सगळं गाव पाहायला येईल. त्यांना तमाशा हवा होता. एकतर मास्तरचा ओटा फुटेल, नाहीतर नाकेदाराची जीभ तुटेल.

त्या सकाळी निम्मं गाव पांदणीत जमलं. नथ्थुजी पश्चिमेकडून निघाले, काठी आडवी. शेठच्या दुकानापाशी काठी सुटून गेली. गोठे गेले, कुंपणं गेली. माझं घर आलं. मी ओट्यावर उभा, चेहरा शक्य तितका सुसंस्कृत ठेवून.

काठी ओट्याला लागली नाही. ओटा आणि काठीचं टोक यांच्यामधून बोट जाईल एवढी फट ठेवून नथ्थुजी सरळ पुढे गेले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

लोकांची घोर निराशा झाली. शेठ म्हणाले, "अरे, काल त ठोकून राह्यली होती!" नथ्थुजी न थांबता म्हणाले, "काल मी वाकडा चालत होतो."

मला वाटलं, त्यांनी काठी तिरपी धरली असावी. म्हातारा समजूतदार निघाला, असंही वाटलं. संध्याकाळी ते नेहमीसारखे आले, बसले, चहा प्याले. मी विचारलं नाही. उत्तर आपल्या सोयीचं निघालं असेल याची खात्री असली की माणूस प्रश्नाच्या वाटेला जात नाही.

चैत्रात मोहाची फुलं गळतात. ती वेचायला सोपी जावीत म्हणून लोक झाडाखालचं गवत जाळतात. दरवर्षी जाळतात, दरवर्षी विझवतात. त्या दुपारी रमण्यात कोणीतरी जाळलं आणि पश्चिमेचं वारं सुटलं.

सकाळची शाळा आटोपून मी ओट्यावर वर्तमानपत्र तोंडावर घेऊन पडलो होतो. नथ्थुजींच्या हाकेनं उठलो. पश्चिमेचं आभाळ मातकट तांबूस झालं होतं आणि त्यातून ज्वारीचं वाळलेलं ताट मोडावं तसा आवाज येत होता. पुढचं सगळं त्यांनी घालून दिल्याप्रमाणे झालं, आणि हे मला मुद्दाम सांगायचं आहे. गडी विहिरीवर धावले. चार गाड्यांत पिपं चढली. बायांनी पोती भिजवली. आग नांगरलेल्या पट्ट्यापाशी आली आणि तिथं तिला खायला काही मिळेना. ती कडेकडेनं फिरू लागली. दाजी पाटलांनीसुद्धा फेटा सोडून पाण्यात बुडवला.

पण वाऱ्यानं ठिणग्या पट्ट्यावरून उचलल्या आणि पहिलंच छप्पर लागलं ते नथ्थुजींचं.

पहिली गाडी पाणी ओतून रिकामी परत निघाली. दुसरी भरलेली समोरून आली. दोन्ही गाड्या माझ्या ओट्यापाशी भेटल्या आणि रामराम झाला नाही. रिकाम्या गाडीचं चाक भरल्या गाडीच्या चाकात घुसलं, भरल्या गाडीच्या दुसऱ्या चाकाचा बाहेर आलेला तुंबा माझ्या ओट्याच्या दगडात रुतला. बैलांच्या नाकात धूर गेलेला, ते मागचे पाय झाडू लागले. मागं आणखी दोन भरल्या गाड्या उभ्या राहिल्या.

नथ्थुजी धावत आले. त्यांनी उधळलेल्या बैलाची वेसण धरली, त्याच्या मानेवर हात ठेवला आणि हळू आवाजात बोलत राहिले, "हो राजा, हो." त्यांची पाठ त्यांच्या घराकडे होती. एकदाही त्यांनी वळून पाहिलं नाही. मी चाकाला खांदा लावला तर मला म्हणाले, "मास्तर, तुमी सरका. पाय चेंदन तुमचा."

बैल सोडले, गाड्या उचलून सोडवल्या, तेवढ्यात व्हायचं ते होऊन गेलं होतं. पुढच्या गाड्या पोचल्या आणि बाजूची घरं वाचली, सगळं गाव वाचलं. गेलं ते एकच घर. चार भिंती उभ्या आणि मधोमध आभाळ.

संध्याकाळी लोक माझ्या घरापुढे जमले. चाकाच्या खुणा मातीत होत्या. कोणीतरी म्हणालं, मास्तरच्या ओट्यानं घात केला. तेवढ्यात दाजी पाटील म्हणाले, "ओट्याले कायले बोलता? नाकेदाराची काठी आना."

काठी आणली. पाटलांनी स्वतः धरली आणि ओट्यासमोरून नेली. काठी गेली, बोटभर फट ठेवून.

"पाहा!" पाटील म्हणाले. मांडवाचा दिवस त्यांच्या चेहऱ्यावर उगवला होता. "रस्ता काठीबरहुकूम हाये. काय नाकेदार, दहा हात म्हंजे दहा हात? तुमच्या दहा हातांत दोन गाड्या मावत नाईत! सारं गाव फोडलं तुमी, अन् मापच खोटं!"

सगळे नथ्थुजींकडे पाहू लागले. त्यांच्या भुवया जळाल्या होत्या, अंगावर राख होती. आयुष्यात त्यांच्याजवळ एकच गोष्ट होती, ते माप. ते काहीतरी सणसणीत बोलतील म्हणून मी वाट पाहिली.

"हो," नथ्थुजी म्हणाले. "मापच चुकलं माह्यं. दहानं भागत नाई. अकरा लागत होते."

होळीपर्यंत ओट्याला ठोकणारी काठी आता पाटलांच्या हातूनही कशी सुटली, हे मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.

आठवडाभर ते आमच्याकडे राहिले. मग रिसोडहून त्यांच्या पुतणीचा नवरा गाडी घेऊन आला. जायला निघाले तेव्हा ओट्यावरून जरा वेळ उठलेच नाहीत. मग काठी भिंतीला लावून सौभाग्यवतीला म्हणाले, "वयनी, हे राहू द्या. लुगडी वाळवाले होईन."

पावसाळ्याआधी कमिटीची बैठक झाली. पाटलांच्या सूचनेवरून ठराव पास झाला, की "माजी नाकेदार यांच्या मापातील चुकीमुळे दहा हात रुंदी अपुरी ठरल्याने पांदण त्यांच्या काठीपेक्षा एक हात अधिक रुंद करण्यात यावी." ठराव तहसिलीत जायचा होता, तिथं हात चालत नाहीत, फूट लागतात. म्हणून मी शाळेची फूटपट्टी घेऊन परसात गेलो आणि लुगडी वाळवायला टांगलेली काठी उतरवली. दहा हात म्हणजे पंधरा फूट भरायला हवेत. साडेतेरा भरले.

मी पुन्हा मोजलं. मग मला काठीवरचे तांब्याच्या तारेचे वेढे आठवले. दर हाताला एक वेढा त्यांनी स्वतः घातला होता, माझ्याच ओट्यावर बसून. दहा हातांच्या मध्ये नऊ वेढे. मी मोजले. आठ होते. एका टोकावर चढवलेली लोखंडी शेंबी जुन्या गंजक्या खिळ्यानं ठोकलेली, दुसऱ्या टोकाची नव्या खिळ्यानं. मी तो खिळा उपसून शेंबी काढली. आत बांबूचा काप करवतीचा, ताजा, पांढरा होता.

काठी नऊ हात होती. रस्ता माझ्या दारात नऊ हातच होता. दहा हात म्हणजे दहा हातच होते आणि तेवढ्यात दोन गाड्या सुखानं रामराम करून गेल्या असत्या.

मी ओटा फोडला. दोन दिवस लागले. लोकांनी विचारलं तर मुंग्या झाल्या होत्या असं सांगितलं. तिसऱ्या दिवशी गाडी जुंपून रिसोडला गेलो.

नथ्थुजी पुतणीच्या घरी मागच्या पडवीत धान्याच्या पोत्यांमध्ये बसले होते. मला पाहून उठू लागले. मी म्हटलं, "काठी मोजली मी."

ते परत बसले.

"काहून केलं नथ्थुजी? अन् मंग सगळ्यांसमोर आपल्या मापाले खोटं काहून म्हटलं?"

"मंग काय म्हनू? मास्तरचा ओटा म्हनू?" ते म्हणाले. "पाटील तुमाले गावात राहू देता का? माह्यं काय, माप चुकते मानसाचं."

"मी गावाले सांगतो. ठराव बदलतो."

"काई नका सांगू. कागद हाये, एक चूक मावते त्याच्यात." मग त्यांनी विचारलं, "गवत किती वाढलं?"

मी म्हटलं, "ओटा फोडला मी. आता पांदण पुरी दहा हात झाली."

मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. त्यांचा चेहरा उतरला. ते पोत्याच्या सुतळीशी चाळा करू लागले.

"काहून फोडला, मास्तर?" ते म्हणाले. "मी आलो त बसू कुठी?"

काठी त्यांनी कोणासाठी कापली होती, ते मला तिथं कळलं. माझ्या वडिलांच्या दगडांसाठी तर नाहीच, एकट्या माझ्यासाठीही नसावी. साऱ्या गावात त्यांना बसायला तेवढी एकच जागा होती.

"बाज टाकीन," मी म्हटलं. "दारासमोर."

"रस्त्यात?" त्यांचा आवाज एकदम जुना झाला. "अन् गाडी आली त?"

"उचलू."

त्यांनी विचार केला. मनातल्या मनात बाजेची रुंदी मोजली असावी.

"जमते," ते म्हणाले. "दोघं दोन बाजूनं धरू. झटकन उचलते."

दिवाळीला येतो म्हणाले होते. दिवाळीआधीच त्यांच्या पुतणीचा निरोप आला, नथ्थुजी गेले म्हणून.

तो ठराव अजून पंचायतीच्या दप्तरात आहे. नाकेदाराच्या मापातील चूक, असं स्पष्ट लिहिलेलं. अक्षर सुंदर आहे. पांदण आता दहा हात आहे, कुठेही मोजा. संध्याकाळी मी दारासमोर बाज टाकतो आणि तीन दिवसांचं शिळं वर्तमानपत्र घेऊन बसतो. गाडी आली की उठतो. एकट्याला बाज झटकन उचलत नाही. एक बाजू उचलून भिंतीकडे ओढावी लागते, मग दुसरी, आणि तोवर गाडीवाला बैल धरून थांबलेला असतो.